चौदा दिवसांची कॅप्सूल

५ नोव्हेंबर, सकाळी सात
ऑर्डर पक्की झाली. कलकत्त्याच्या सेनगुप्तबाई काल स्वतः घुर्णीला आल्या. प्रदर्शनासाठी बुडत चाललेल्या धंद्यांची बारा मातीची माणसं हवीत, प्रत्येक वीतभर उंच. जाळं विणणारा कोळी, कापूस पिंजणारा, पाट्याला टाकी लावणारा, खजुराचा रस काढणारा वगैरे. म्हणाल्या, "बोटं दिसली पाहिजेत. हरिसाधन पालांची बोटं म्हणून तर आले." त्यांना माझी बोटं म्हणायचं नव्हतं, माझ्या मातीच्या माणसांची बोटं म्हणायचं होतं. एकच गोष्ट आहे.
३१ जानेवारीला द्यायचं. हिशेब चुकू नये म्हणून ही वही. कोणी वाचणार नाही, तेव्हा खरं लिहायला हरकत नाही.
संकल्प: रोज सहा तास काम. तळलेलं बंद. बिनदुधाचा लाल चहा फक्त दोनदा.
कॅप्सूल घेतली. अकरा वर्षं रोज सकाळी घेतो. एखाद दिवशी अंघोळ चुकली असेल, गॅसची कॅप्सूल चुकलेली नाही. मुळात कंबरदुखीच्या गोळ्यांबरोबर डॉक्टरने लिहून दिली होती. कंबर थांबली. कॅप्सूल कशाला थांबवायची? चांगली सवय कोणी मोडतं का.

९ नोव्हेंबर
साडेतीन तास काम. संध्याकाळी जगबंधू माती घेऊन आला, बरोबर बेगुनी, वांग्याची गरम भजी, आणि मुरमुरे. पाहुण्याने आणलेलं नाकारता येत नाही. सहा बेगुन्या. आंबट पाणी घशाशी आलं, म्हणून आणखी एक कॅप्सूल. जगबंधूलाही एक दिली. त्याला काही होत नव्हतं, पण होण्याआधी घेतलेली बरी.
गल्लीत सगळे माझ्याचकडे येतात. मृणालच्या औषधाच्या दुकानात जाण्याआधी मला विचारतात. मी काही डॉक्टर नाही, पण अनुभव आहे.

१७ नोव्हेंबर
काल जगद्धात्रीची पूजा. कृष्णनगरात गर्दी म्हणजे पाय ठेवायला जागा नाही. बायकोबरोबर, रेबाबरोबर, चाषापाड्याची देवी पाहून चालत घरी आलो. दारात रेबा म्हणाली, "अहो, एक चप्पल कुठंय?" पाहिलं तर डाव्या पायात चप्पल नव्हती. कुठे गेली कळलंच नाही. दोन मैल तसाच आलो होतो. तळव्याला काचेचा तुकडा होता, रक्त येऊन वाळलेलं.
रेबा बराच वेळ तळवा धरून बसली. दुखत नव्हतं का, विचारलं. नव्हतं दुखत. तिला सांगितलं, मन देवीपाशी होतं.
तिने काच काढून हळद भरली.

२४ नोव्हेंबर
कोळ्याला सुरुवात. बसलेला, मांडीवर जाळं, दोन्ही हात धाग्यात. धागा धरणारं बोट आणि अंगठा, यातच सगळं आहे.
बोटं जमली नाहीत. अंगठा चपटा झाला. परत केला, परत चपटा. यंदा माती खराब आहे. जगबंधूला बोलावून सांगितलं. तो म्हणाला, "दादा, वीस वर्षं तोच खड्डा, तीच माती." मी म्हटलं, खड्डा तोच असेल, पण खालचा थर बदलतो. त्याला काय कळणार. तो माती वाहतो, मी माती ओळखतो.
जेवून पडलो. दोन वाटी खिचुरी, वर तळलेल्या लुची. पडल्याशिवाय जिरत नाही.

संध्याकाळी
आश्चर्य. झोपून उठलो तर कोळ्याचे हात चांगले दिसत होते. अंगठ्याचं नखसुद्धा उठून आलं होतं. सकाळी मीच उगाच नावं ठेवली. माती थोडी आवळली की काम खुलतं, हे चाळीस वर्षांत माझ्या लक्षात आलं नव्हतं.

३ डिसेंबर
पद्धत सापडली. सकाळी हात करायचे, कसेही होवोत. बारा वाजता जेवायचं. दोन तास झोपायचं. उठेपर्यंत काम सुधारलेलं असतं. पिंजाऱ्याचे हात असेच झाले. घाई करणारे कारागीर हे शिकत नाहीत.
रेबाला हे समजावून सांगितलं. ती रंग कालवत होती. म्हणाली, "बरं."
रेबाचं काम रंगाचं. तीस वर्षं रंग तीच लावते. भुवया फार छान काढते. आकार मात्र वेगळी गोष्ट आहे. त्यासाठी हातात असावं लागतं.

११ डिसेंबर
लोखंडी कोरणी चुलीवर तापवून रस काढणाऱ्याच्या दोराचे वेढे काढत होतो. रेबा ओरडली. तर्जनी कोरणीच्या तापलेल्या टोकाला टेकलेली होती. फोड आला. मला वासाने कळलं.
तिला म्हटलं, कारागिराची बोटं अशीच व्हायला हवीत. चाळीस वर्षांची तपश्चर्या आहे. ती म्हणाली, "तुमच्या बाबांची झाली होती अशी? ते तर शेवटपर्यंत मीठ चिमटीत घेऊन किती आहे ते सांगायचे." बाबांची गोष्ट वेगळी. त्यांच्या काळी थंडी इतकी नसायची.
डॉक्टरकडे चला म्हणते. ऑर्डर झाल्यावर बघू. सध्या हातमोजे.

१३ डिसेंबर
हातमोजे घालून काम होत नाही. काढले.

१९ डिसेंबर
मृणालकडे गेलो. बोटांसाठी तेल मागितलं आणि कॅप्सूलच्या नेहमीच्या दोन पट्ट्या. तो पट्ट्या काढता काढता थांबला. म्हणाला, "हरिसाधनदा, राग मानू नका. अकरा वर्षं मी देतोय, तुम्ही घेताय. ही तुम्हाला नक्की कोणी लिहून दिलीय?" म्हटलं, डॉक्टरने. म्हणे, कधीपर्यंत? म्हटलं, गुण येईपर्यंत. "आला का?" म्हटलं, घेतो तोवर असतो.
तो म्हणाला, "माझंच चुकलं, मी आधी विचारायला हवं होतं. एकदा इस्पितळात दाखवून या." पट्टी दिली, पण एकच.
दुकानदाराने गिऱ्हाइकाला कमी माल द्यायचा, हे पहिल्यांदा पाहिलं.
घरी आलो आणि निर्णय घेतला. मी कोणाचा गुलाम नाही. उद्यापासून कॅप्सूल बंद. एकदम, कायमची.

२० डिसेंबर
बंद. काहीही झालं नाही. उगाच लोक घाबरतात.

२१ डिसेंबर
दुपारी थोडी जळजळ. मनाचे खेळ.

२३ डिसेंबर
छातीत चूल पेटली आहे. पाणी प्यायलो तरी वर येतं. काम शून्य. पांढऱ्या पातळ औषधाची बाटली अर्धी संपली. अकरा वर्षांत इतकं कधी झालं नव्हतं. यावरून सिद्ध होतं की मला कॅप्सूलची किती गरज होती.

२४ डिसेंबर
सकाळी एक, संध्याकाळी एक. चार दिवसांचं राहिलेलं भरून काढायला हवं. रेबाने विचारलं, औषध असं भरून काढतात का. म्हटलं, शरीराचाही हिशेब असतो.
दुपारी पोट शांत. झोपलो. उठलो तर बुरूड बाईची बोटं बांबूच्या पात्यांत अशी गुंतली होती की मीच पाहत राहिलो. हे माझ्या हातून झालं, यावर माझाच विश्वास बसेना.

३ जानेवारी
इस्पितळ. रेबाने माझं नाव आधीच लावून ठेवलं होतं. फसवून नेलं म्हणायला हरकत नाही; मला सांगितलं होतं बाजारात जाऊ.
डॉ. नासरीन मंडल. पंचविशीची मुलगी असेल. मला काका म्हणाली. डोळे मिटा म्हणाली आणि टाचणी टोचत गेली, टोचलं की हो म्हणा. मी शांत बसलो होतो, ती सुरू कधी करते याची वाट पाहत. डोळे उघडले तर ती कोपरापर्यंत पोचली होती.
मग प्रश्न. गिळताना अडकतं का. शौचाला काळी होते का. वजन उतरलं का. नाही, नाही, नाही. खाण्यात काय? सांगितलं, सहा वर्षांपूर्वी नवद्वीपला दीक्षा घेतली, मासे-अंडी नाही. "दूध, दही?" म्हटलं, दुधाने गॅस होतो. "हे कोणी सांगितलं?" म्हटलं, मी.
औषधं विचारली. अभिमानाने सांगितलं, अकरा वर्षं खंड नाही, मधले चार दिवस सोडले तर. तिने पेन खाली ठेवलं. जुना कागद आहे का म्हणाली. रेबाने पिशवीतून काढला. ही बाई अकरा वर्षांचे कागद जपून ठेवते. त्यावर कॅप्सूलच्या पुढे लिहिलं होतं, चौदा दिवस.
अक्षर खराब होतं. कोणीही चुकलं असतं.
रक्त घेतलं.

८ जानेवारी
रिपोर्ट. बी-बारा नावाचं एक जीवनसत्त्व जवळजवळ नाहीच. डॉक्टरने समजावलं. जेवणातलं ते जीवनसत्त्व सुटं करायला पोटातलं आम्ल लागतं. मी अकरा वर्षं आम्ल दाबून धरलं. त्यात मासे नाही, अंडी नाही, दूध नाही. म्हणजे येणारंच थोडं, तेही सुटेना. म्हणून नसा उपाशी राहिल्या. आधी पाय, मग हात.
मी म्हटलं, म्हणजे कॅप्सूल विषारी आहे. ती म्हणाली, "नाही हो काका. औषध चांगलं आहे. काहींना वर्षानुवर्षं लागतं, पण मग डॉक्टर लक्ष ठेवतात, रक्त तपासतात. तुमचं चौदा दिवसांचं होतं."
आणि एकदम सोडायचं नाही. एकदम सोडलं की पोट दुप्पट आम्ल सोडतं, तेच झालं डिसेंबरात. आता दोनाची एक करायची, नाश्त्याच्या अर्धा तास आधी. दोन आठवड्यांनी एक दिवसाआड. मधे जळजळलं तर पातळ औषध, पण दुसऱ्या कुठल्या गोळीबरोबर नाही, दोन तास सोडून. बी-बाराची इंजेक्शनं. दूध-दही सुरू. पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा. जेवल्यावर तीन तास आडवं व्हायचं नाही.
विचारलं, बोटं कधी येतील. म्हणाली, महिने लागतील. विचारलं, पूर्ण? म्हणाली, "बघू. फार उशीर झालाय, पण बघू."
डॉक्टर लोक जबाबदारी टाळायला असं बोलतात. तीन इंजेक्शनांत काम होईल.
गल्लीत कोणाला कॅप्सूल देऊ नका, असंही म्हणाली. तिला कोणी सांगितलं कोण जाणे. रेबा खिडकीबाहेर पाहत होती.

१२ जानेवारी
दोन इंजेक्शनं झाली. फरक आहे. आज डाव्या करंगळीला काहीतरी वाटलं. मुंगी होती.
दुपारची झोप बंद. जेवून सरळ बसून राहिलो, डॉक्टरने सांगितल्याप्रमाणे. रेबासमोर. ती रंगाचं काम सोडून दोनदा उठली, दोनदा बसली.

१५ जानेवारी
गंभीर. तीन दिवस दुपारी झोपलो नाही आणि तीन दिवस हात सुधारलेले नाहीत. पाट्याला टाकी लावणाऱ्याची बोटं सकाळी जशी ठेवली तशीच संध्याकाळी. मुळ्यांसारखी. इंजेक्शनं घेऊनही.
झोपेचा आणि बोटांचा संबंध आहे. डॉक्टरला हे माहीत असणं शक्य नाही. तिने मातीकाम कुठे केलंय.

१६ जानेवारी
काय करावं विचार करत होतो, तर रेबाच म्हणाली, "अहो, पडा जरा. उशी उंच घ्या, पाठीला टेकून. अर्धाच तास." मी म्हटलं, डॉक्टर नाही म्हणाली आहे. "टेकायला नाही म्हणाली नाही." बायको असावी तर अशी.
टेकून दीड तास. उठलो. टाकी लावणाऱ्याच्या हातात छिन्नी अशी धरलेली की आवाज यावा.
झोप हवीच. लिहून ठेवतो.

२२ जानेवारी
दहा माणसं तयार. ऑर्डरच्या पुढे आहे. कॅप्सूल आजपासून एक दिवसाआड. जळजळ सकाळी थोडी, नंतर नाही. दही खातो. गॅस झाला नाही. ही गोष्ट डॉक्टरला सांगायची गरज नाही.
पलंगाखाली विटा घातल्या. सकाळपर्यंत मी पायथ्याशी पोचतो, पण घशाशी काही येत नाही.
संकल्प: ऑर्डर झाली की बाबांसारखं मोठं काम. रासलीलेचं दृश्य, चाळीस माणसं.

२८ जानेवारी
सेनगुप्तबाई आल्या. बरोबर कॅमेरा घेतलेला माणूस.
बारा माणसं ओळीने मांडली होती. बाई वाकून प्रत्येकाचे हात पाहत गेल्या. कोळ्यापाशी सगळ्यात जास्त वेळ थांबल्या. म्हणाल्या, "या अंगठ्याला धागा लागतोय, दिसतं." मग म्हणाल्या, प्रदर्शनात दाखवायला एक छोटी फिल्म करू. तुम्ही बसा, एक हात करून दाखवा. दोन मिनिटं.
जेवणाआधीची वेळ होती.
बसलो. मातीचा गोळा घेतला. तळवा केला. बोटं ओढायला लागलो. पहिलं बोट तुटलं. जोडलं. अंगठा दाबला, तो पार चपटला. किती दाबतो आहे हे मला कळलं नाही. दुसरा गोळा घेतला. तसंच. तिसरा. कॅमेरा सुरूच होता. बाई म्हणाल्या, "घाई नाही, दादा." मी म्हटलं, माती वाळली आहे. माती ओली होती, चकाकत होती.
रेबा कोपऱ्यात रंगाच्या वाट्या घेऊन बसली होती. तिने कुंचला पुसला. उठून माझ्याशेजारी येऊन बसली. माझ्या हातातली माती घ्यायला हात पुढे केला. मी दिली.
मी तिचे हात पाहत होतो. तिने तळवा केलाच नाही आधी. आधी अंगठा केला, मग त्याच्याभोवती हात. बाबा असंच करायचे. मला ते कधी जमलं नव्हतं. शेवटी नखाची रेघ काढली, आपल्याच नखाने.
कॅमेरा कधी तिच्याकडे वळला होता मी पाहिलं नाही.
बाईंनी विचारलं, कुठे शिकलात. रेबा म्हणाली, "सासऱ्यांचं पाहून. यांचं पाहून."
बाई ओळीने मांडलेल्या बारा जणांकडे पाहू लागल्या. मग माझ्याकडे. म्हणाल्या, "नावाची पाटी करायची आहे. नाव कसं घालू?"
रेबा म्हणाली, यांचंच घाला.
मी म्हटलं, विचार करून कळवतो.

२९ जानेवारी
लिहिण्यासारखं नाही. इंजेक्शन घेतलं.

३० जानेवारी, सकाळी
विचारलं तिला. चहा देत होती. कधीपासून?
म्हणाली, "गेल्याच्या गेल्या रथयात्रेपासून." म्हणजे दीड वर्ष. मला वाटलं होतं या ऑर्डरपासून. पूजेला गेलेली सतार वाजवणारी, ढोल वाजवणारा ढाकी, झुल्यावरचे राधाकृष्ण, सगळं. ज्या ढाकीचे हात मी लोकांना उचलून दाखवायचो, तोसुद्धा.
म्हटलं, सांगायचं होतंस. ती म्हणाली, "तुम्ही उठून इतके खूश व्हायचात."
मग म्हणाली, चप्पल गेली त्या दिवशी ती फार घाबरली होती. तोपर्यंत तिला वाटत होतं नजर कमी झाली असेल, वय झालं असेल. तिने कप नेला.
चहा गरम होता की गार, मला आठवत नाही.

३१ जानेवारी
माणसं पेंढ्यात बांधून गाडीत चढवली. बाईंना फोन केला. आधी दोन वेळा नंबर लावून ठेवून दिला. तिसऱ्यांदा बोललो. म्हटलं, पाटीवर रेबा पाल लिहा. बाई म्हणाल्या, "आणि तुमचं?"
म्हटलं, माती माझी.
माती खरं तर जगबंधूची असते. पण फोन ठेवला होता.

१४ फेब्रुवारी
डॉ. मंडलकडे. परत टाचणी. या वेळी मनगटापासून वर कळलं. ती खूश झाली. बोटांचं विचारलं. म्हणाली, हळूहळू. कदाचित इतकंच. इंजेक्शनं आता महिन्याला एक. कॅप्सूल थांबवायची; जळजळ परत जोरात आली तर मनाने सुरू करायची नाही, तिच्याकडे यायचं. रक्त सहा महिन्यांनी परत.
येताना मृणालच्या दुकानावरून आलो. त्याने हात केला. आत गेलो नाही.

२ मार्च
बाईंचा फोन होता, रेबासाठी. आणखी आठ माणसं हवीत. रेबाने माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली. ती हो म्हणाली.
सकाळपासून तिची जागा खिडकीपाशी लावून दिली. तिथे उजेड चांगला येतो. ती माझी जागा होती, पण मला आता उजेडाचं तसं काम नाही.
तिने मला माती मळायला सांगितली. मळली. तासभर. तिने एक गोळा उचलला, बोटांत फिरवला, परत माझ्यासमोर ठेवला. म्हणाली, "अहो, खडे राहिलेत."
मी चाचपून पाहिलं. मला लागले नाहीत.
परत मळली.